क्रोन्स आजार: निदानापासून रोजच्या सांभाळापर्यंत

माझा धाकटा भाऊ नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखू लागले, तेव्हा त्याचे वजन 64 किलो होते. क्रोन्स आजाराचे निदान झाले, त्या दिवशी ते 51 किलोवर आले होते. मधले दीड वर्ष आम्ही आम्लपित्त, जंत आणि ‘टेन्शनमुळे पोट बिघडते’ या समजुतींवर घालवले आणि दुखणे अंगावर काढले. या काळात एकाच गोष्टीने आम्हाला पुन्हा पुन्हा फसवले. औषध घेतले की चार दिवस बरे वाटायचे आणि बरे वाटले म्हणजे आजार गेला, असे आम्ही धरून चालायचो. या आजारात आतड्याची खरी स्थिती आणि रुग्णाला वाटणारा आराम या दोन गोष्टी अनेकदा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक पायरी याच अडचणीशी जोडलेली आहे. पोटविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याला हा लेख पर्याय नाही. त्यांच्यासमोर नेमके प्रश्न आणि पूर्ण कागदपत्रे घेऊन बसता यावे, यासाठी तो लिहिला आहे.

आजार नेमका काय आहे

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी 1932 मध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या दीर्घकालीन सुजेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे क्रोन यांचेच नाव आजाराला मिळाले. ही सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही येऊ शकते, तरी लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तो भाग तिचे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे. ती सलग नसते; मध्ये निरोगी आतडे आणि अलीकडे-पलीकडे व्रण, असे ठिकठिकाणी डाग पडावेत तशी ती पसरते. शिवाय ती आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती न थांबता भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरते, म्हणून काही वर्षांत आतडे अरुंद होणे, पू साठणे किंवा आतड्यातून दुसऱ्या अवयवात अथवा त्वचेवर वाट फुटणे, असे प्रकार घडतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यातील जिवाणूंविरुद्ध गरजेपेक्षा जास्त आणि न थांबता लढत राहते, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. आनुवंशिक कल आणि परिसरातील घटक दोन्ही त्याला हातभार लावतात. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे घरात ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे काहीही कारण नाही.

शंका कधी घ्यावी

चार-सहा आठवड्यांहून अधिक काळ जुलाब, जेवणानंतर पोटात कळ, कारण नसताना घटणारे वजन, अधूनमधून येणारा बारीक ताप आणि रक्ताची कमतरता या गोष्टी एकत्र दिसल्या, तर पोट साफ करण्याच्या किंवा जंताच्या गोळ्यांवर आणखी वेळ घालवू नये. आयबीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आतड्याला सूज नसलेल्या तक्रारीतही पोट दुखते आणि शौचाच्या वेळा बिघडतात. परंतु झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, ताप, घटते वजन किंवा कमी हिमोग्लोबिन ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. वारंवार तोंड येणे, सांधे दुखणे व सुजणे, डोळा लाल होऊन दुखणे, नडगीवर दुखऱ्या लालसर गाठी येणे, या तक्रारी पोटाशी संबंधित वाटत नाहीत, म्हणून रुग्ण त्या सांगत नाही आणि एक महत्त्वाचा धागा हातून निसटतो.

भगंदराबद्दल, म्हणजे आतून गुदद्वाराजवळच्या त्वचेवर फुटणाऱ्या वाटेबद्दल, येथे वेगळे सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे गुदद्वाराजवळची कोणतीही तक्रार ‘मूळव्याध’ म्हणून झाकली जाते आणि लाजेपोटी घरातही बोलली जात नाही. एकदा शस्त्रक्रिया करूनही भगंदर पुन्हा झाले, एकापेक्षा अधिक ठिकाणी तोंडे फुटली किंवा भगंदरासोबत जुलाब आणि वजन घटणे असेल, तर पुढची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी आतड्याची तपासणी करून घ्यावी. आतड्यातील सूज तशीच ठेवून केवळ बाहेरची जखम कापत राहिल्यास ती भरत नाही आणि शौच रोखून धरणाऱ्या स्नायूला इजा होण्याचा धोका वाढतो.

पहिल्या तपासण्या

सुरुवात साध्या रक्ततपासणीने होते. हिमोग्लोबिन, पेशींची गणना, सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारे प्रथिन), अल्ब्युमिन, यकृत व मूत्रपिंडाची तपासणी, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ब-12 आणि ड जीवनसत्त्व एवढ्यातून बरेच कळते. शौचाच्या तपासणीत जंतुसंसर्ग वगळला जातो आणि कॅलप्रोटेक्टिन मोजले जाते. हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून येते आणि आतड्यात सूज असेल तर शौचात वाढते. साधारणपणे 50 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी आकडा असल्यास सूज असण्याची शक्यता फार कमी असते आणि 250 च्या वर गेल्यास पुढची तपासणी टाळू नये. मात्र हा आकडा सूज आहे एवढेच सांगतो, तिचे कारण सांगत नाही. टीबी, जंतुसंसर्ग आणि डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही तो वाढतो. म्हणून नमुना देण्याआधी आपण कोणकोणत्या गोळ्या घेत आहोत, हे डॉक्टरांना सांगावे.

निदानाचा मुख्य आधार कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली आतड्याची तपासणी, आहे आणि ती लहान आतड्याच्या टोकापर्यंत गेली पाहिजे. ‘मोठे आतडे पाहिले, नॉर्मल आहे’ एवढाच रिपोर्ट असेल, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दुर्बीण गेली होती का, हे आवर्जून विचारावे. व्रणांतून आणि निरोगी दिसणाऱ्या भागातूनही बायोप्सीचे अनेक तुकडे घेणे उपयोगाचे असते. रुग्णाला खरा त्रास तपासणीचा नसून आदल्या रात्रीचा असतो. लिटर-लिटरभर खारट-गोडसर औषध ठरावीक वेळाने प्यायचे आणि शौचाला स्वच्छ पिवळसर पाणी येईपर्यंत जागायचे असते. भावाने पहिल्या वेळी शेवटचा तांब्या चोरून ओतून दिला, आतडे नीट साफ झाले नाही आणि तपासणी अर्धवट राहिली. दुसऱ्या वेळी औषध फ्रिजमध्ये गार करून दिले, प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखायला दिली, आणि ते पूर्ण संपले. तपासणी गुंगीत होते, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवू नये आणि सोबत घरचे माणूस असावे.

दुर्बीण जेथे पोहोचत नाही, त्या लहान आतड्यासाठी सीटी किंवा एमआरआय एंटेरोग्राफी करतात. त्याआधी सुमारे दीड लिटर द्रव प्यावा लागतो, जेणेकरून आतडे फुगून त्याची भिंत स्पष्ट दिसावी. वय कमी असेल आणि तपासण्या पुन्हा कराव्या लागणार असतील, तर क्ष-किरण टाळणारा एमआरआय किंवा अनुभवी हातांनी केलेली आतड्याची सोनोग्राफी शक्य आहे का, हे विचारावे. भगंदर असल्यास ओटीपोटाचा एमआरआय शस्त्रक्रियेआधी व्हायला हवा. गिळायच्या कॅप्सूल कॅमेऱ्याचा आग्रह रुग्णाने स्वतःहून धरू नये, कारण आतडे अरुंद असेल तर ती कॅप्सूल आतच अडकू शकते.

टीबी की क्रोन्स

आपल्या देशात हा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि म्हणून त्यावर घाई करू नये. आतड्याचा टीबीही नेमका त्याच ठिकाणी, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतो. दुखणे, ताप, वजन घटणे, व्रण आणि अरुंद झालेले आतडे, सारे काही तसेच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंत ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या गाठी आढळू शकतात. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी महाग पडते. टीबी असताना स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारयंत्रणेचा ठरावीक भाग अडवणारे) औषध दिले, तर जंतू शरीरभर पसरू शकतो. क्रोन्स असताना महिनोन्महिने टीबीची औषधे चालू ठेवली, तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाते.

तज्ज्ञ एका खुणेवर विसंबत नाहीत, अनेक खुणा तोलतात. आडवे व्रण, सताड उघडी राहिलेली आतड्याची झडप, पोटात साठलेले पाणी, छातीच्या एक्स-रेत डाग आणि सीटी स्कॅनमध्ये मध्यभाग मेलेल्या लसीकागाठी या टीबीकडे झुकवतात. लांब उभे व्रण, फरसबंदीसारखे दिसणारे अस्तर, आतड्याच्या बऱ्याच लांबीवर ठिकठिकाणी सूज, भगंदर आणि शौचातून रक्त या गोष्टी क्रोन्सकडे. बायोप्सीचा तुकडा जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणी) व कल्चरसाठीही (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवला जातो, परंतु आतड्याच्या टीबीत जंतूंची संख्या कमी असल्याने ‘निगेटिव्ह’ आले म्हणजे टीबी नाही, असे म्हणता येत नाही. मांटू (त्वचेची) किंवा इग्रा (रक्ताची) या तपासण्या पूर्वी जंतूशी संपर्क आला होता एवढेच सांगतात; भारतात त्यांवरून अंतिम निर्णय होत नाही.

एवढे करूनही खात्री झाली नाही, तर टीबीची औषधे देऊन पाहण्याचा मार्ग निवडला जातो. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात आणि नाशिकमध्ये त्यासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोंद करता येते. आमची दिशाभूल येथेच झाली. औषधे सुरू झाल्यावर दीड महिन्यात भावाला गुण आला, भूक वाढली, ताप गेला, आणि ‘टीबीच होता’ असे घरात सर्वांनी ठरवून टाकले. क्रोन्सच्या अनेक रुग्णांनाही या औषधांवर तक्रारी कमी झाल्यासारखे वाटते, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. म्हणून औषधे सुरू होतानाच, साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी कोणत्या तारखेला करायची, हे लिहून घ्यावे. टीबी असेल तर तोवर व्रण भरलेले किंवा भरत आलेले दिसतात. ते जसेच्या तसे असतील, तर बरे वाटणे बाजूला ठेवून निदानाचा फेरविचार करावा लागतो. क्वचित औषधांना दाद न देणारा टीबीही त्यामागे असू शकतो. भावाची ही तपासणी पाच महिने लांबली, कारण बरे वाटत असताना पुन्हा ते औषध प्यायला तो तयार नव्हता आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

उपचाराची आखणी

निदान पक्के झाल्यावर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: आजार आतड्याच्या किती भागात आहे, तो केवळ सुजेचा आहे की अरुंदपणा अथवा भगंदरापर्यंत गेला आहे, आणि उपचाराचे यश कशावरून मोजायचे. अलीकडे जगभर मान्य झालेली रीत अशी की प्रथम तक्रारी कमी व्हाव्यात, मग सीआरपी व कॅलप्रोटेक्टिन खाली यावे आणि शेवटी दुर्बिणीतून व्रण भरलेले दिसावेत. तिसरी गोष्ट साधेपर्यंत उपचार पुरेसा मानला जात नाही.

स्टेरॉइडने आराम वेगाने पडतो, आणि त्याचा धोकाही याच वेगात आहे. प्रेडनिसोलोन बहुधा 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून दोन-तीन महिन्यांत उतरवत बंद केले जाते. फक्त आतड्यांच्या सांध्यावर सौम्य ते मध्यम सूज असेल, तर शरीरावर कमी परिणाम करणारे बुडेसोनाइड 9 मिलिग्रॅम वापरतात. ही औषधे आग विझवण्यासाठी आहेत, आजार ताब्यात ठेवण्यासाठी नाहीत. मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा पुन्हा आणणारे रुग्ण मी प्रतीक्षागृहात पाहिले आहेत. त्यांना हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू आणि जंतुसंसर्ग यांची किंमत मोजावी लागते, आणि व्रण मात्र भरत नाहीत. स्टेरॉइड अचानक बंद करणेही धोक्याचे असते.

अ‍ॅझाथायोप्रिन आजार ताब्यात ठेवते, पण त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. काही जणांत ते पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. भारतीयांत यामागे एनयूडीटी-15 या जनुकातील बदल वरचेवर असतो, म्हणून शक्य असल्यास ही तपासणी गोळी सुरू करण्याआधी करून घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने केस गळू लागले किंवा घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. एरवीही सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी पेशी व यकृत तपासणे चुकवू नये. युरिक अ‍ॅसिडसाठी दिली जाणारी अ‍ॅलोप्युरिनॉल ही गोळी यासोबत तज्ज्ञांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नये. मेथोट्रेक्सेट हा दुसरा पर्याय आठवड्यातून एकदाच घ्यायचा असतो. रोज घेतल्यास तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहावा. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी तो घेऊ नये.

बायोलॉजिक औषधांत इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून दिले जाते: पहिला डोस, मग दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. अ‍ॅडालिम्युमॅब हे त्वचेखालचे इंजेक्शन पहिल्या मोठ्या डोसांनंतर दर दोन आठवड्यांनी घरी घेता येते. अ‍ॅडालिम्युमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, 2014 मध्ये भारतातच बाजारात आले आणि त्यामुळे खर्च बराच उतरला, तरी तो मध्यमवर्गीय घराला जाणवण्याइतका आहेच. सरकारच्या जनआरोग्य योजनेत किंवा आपल्या विम्यात काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी विचारावे. व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब आणि उपाडासिटिनिब ही त्यानंतरची औषधे आहेत. ‘एवढे जड औषध आत्ताच कशाला, आधी साध्या गोळ्या पाहू’ हा सल्ला आपल्याकडे प्रेमापोटीच दिला जातो. परंतु 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘प्रोफाइल’ या चाचणीत, निदानानंतर लगेच इन्फ्लिक्सिमॅब सुरू केलेल्यांपैकी 79 टक्के रुग्ण वर्षाच्या अखेरीस स्टेरॉइड व शस्त्रक्रियेविना स्थिर होते आणि पायरीपायरीने औषध वाढवलेल्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते. प्रत्येकाला हेच औषध लागेल असे नाही, पण लहान वय, भगंदर किंवा बराच पसरलेला आजार असेल, तर हा प्रश्न पहिल्या दिवशीच चर्चेत आणावा.

बायोलॉजिक सुरू करण्याआधी सुप्त टीबी, हिपॅटायटिस ब आणि एचआयव्हीची तपासणी व्हायलाच हवी आणि सुप्त टीबी आढळल्यास प्रतिबंधक औषध काही आठवडे आधी सुरू करावे लागते. नंतरही खोकला, रात्रीचा घाम किंवा ताप आला, तर ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नये. घरी ठेवायचे इंजेक्शन 2 ते 8 अंश तापमानात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इंजेक्शन वापरण्यायोग्य राहत नाही. नाशिकचा एप्रिल आता पूर्वीसारखा सुखद राहिलेला नाही. त्यामुळे भाऊ इंजेक्शन आणायला जाताना थर्मासच्या डब्यात दोन बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये जाड टॉवेल घालतो, म्हणजे बर्फ थेट चिकटत नाही.

आतडे वण पडून कायमचे आवळले गेले असेल, तर औषधाने ते उघडत नाही आणि तो भाग काढून टाकणे हाच योग्य उपचार ठरतो. योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया म्हणजे उपचार हरल्याची कबुली नव्हे. मात्र आजार बहुधा जोडाच्याच जागी परत येतो आणि तक्रारींच्या बराच आधी तेथे व्रण दिसू लागतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करावी.

खाणेपिणे

क्रोन्ससाठी सर्वांना लागू पडेल असे एकच पथ्य नाही आणि ‘हे खाल्ल्याने आजार झाला’ असे म्हणून रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे. सूज वाढलेली असताना मऊ भात, मुगाचे वरण, दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, अंडे, मासे, ताक आणि नाचणीची गाळलेली पेज पोटाला झेपते. झणझणीत रश्शाची मिसळ तेवढे दिवस दूर ठेवावी. आजार शांत असताना थोडी चाखून पाहायला हरकत नाही. आतडे अरुंद असेल, तर मात्र नियम कडक आहेत: कणीस, पेरूच्या बिया, कच्ची कोबी, मेथीचे देठ, अख्खे शेंगदाणे, संत्र्याच्या फोडीवरची साल वर्ज्य. द्राक्षांच्या हंगामात घरोघरी पेट्या येतात आणि नको म्हणणे जड जाते. अशा रुग्णाने द्राक्षे सालीसकट खाण्याऐवजी रस गाळून घ्यावा. उपवासाच्या खिचडीतले शेंगदाणेही बारीक कूट करूनच घालावेत. वजन घटत असेल, तर उपवास स्थगित ठेवावेत आणि प्रथिनांचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

धूम्रपान हा आजार निश्चितपणे वाढवते आणि शस्त्रक्रियेनंतर तो परत आणते; ते सोडणे हा औषधाइतकाच मोठा उपचार आहे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन टाळून पॅरासिटामॉल घ्यावे.

वही आणि तारखा

आमच्याकडे शंभरपानी वही आहे. तिच्यात दर रविवारी वजन, दिवसातून किती वेळा शौचाला जावे लागले, रात्री उठावे लागले का, आणि इंजेक्शनची तारीख एवढेच लिहिले जाते. मागच्या पानांना रिपोर्ट चिकटवले आहेत. तपासणीसाठी मुंबईला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आमचे तोंडी वर्णन थांबवून ती वहीच वाचली. फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस ब या लसींची नोंदही तिच्यात आहे. जिवंत जंतूंच्या लसी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना घेत नाहीत. गर्भधारणा ठरवायची असेल, तर आजार तीन ते सहा महिने शांत असताना ठरवावी आणि घाबरून सर्व औषधे बंद करू नयेत, कारण बाळाला अधिक धोका उसळलेल्या आजारापासून असतो. मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल, तर आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी नियमित कोलोनोस्कोपी लागते.

पोट फुगून उलट्या होणे आणि वारा सरणे बंद होणे, थंडी वाजून ताप, गुदद्वाराजवळ ठणकणारी गाठ, भरपूर रक्त जाणे, किंवा एकच पाय सुजून दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जुलाब पुन्हा वाढले, तर आजार उसळला असे गृहीत धरून घरच्या घरी स्टेरॉइड सुरू करू नये. आधी शौचाची जंतुसंसर्गासाठी तपासणी व्हायला हवी.

गेल्या पावसाळ्यात भाऊ म्हणाला, “ताई, आठ महिने काही त्रास नाही, वजनही 62 झालंय, इंजेक्शन आता थांबवू या का?” त्याच्या मनात खर्चाचा विचार होता, हे मला कळत होते. मी त्याला नाही म्हटले नाही. आधी कॅलप्रोटेक्टिन करू, एवढेच म्हटले. आकडा 410 आला. डॉक्टरांनी रक्तातील औषधाची पातळी तपासली, ती कमी निघाली, आणि दोन इंजेक्शनांमधले अंतर घटवले. तीन महिन्यांनी तो आकडा 90 वर आला आहे. वहीत त्यापुढे कोलोनोस्कोपीची तारीख लिहिली आहे आणि औषध कमी करायचे की नाही, हे ती झाल्यावर ठरेल.